बेशुद्ध माणसांशी बोलणारे बोरसे सर

बोरसे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बेशुद्ध म्हाताऱ्याला रागावत होते.

जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात, आयसीयूत डॉक्टर हवे आहेत असं कळल्यावर मी मुलाखतीला गेले होते. सर केबिनमध्ये नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "आत जा. आवाज येईल तिकडे जा." आवाज येतच होता. काचेच्या दारापलीकडे एक धिप्पाड, टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या कानाशी वाकून अहिराणीत ओरडत होता, "आप्पा, डोया उघाडा! सूर्य उगी गया! घर जानं शे का नही? तठे बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात, आनी तुम्ही आठे एसीमा झोपी ऱ्हायनात!"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. सर सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "घरी कोंबड्याच्या आधी उठतात म्हणे. आमच्याकडे आले की सगळ्यांना बरोबर झोप लागते. तू कुठली?"

"धुळ्याची."

"अहिराणी येते?"

"समजते सर. बोलता नीट येत नाही."

"मग झाली मुलाखत. समजली म्हणजे पुरे. बोलायला मी आहे."

डॉ. मुरलीधर बोरसे आमच्या आयसीयूचे प्रमुख. धुळ्याजवळच्या एका खेड्यात जन्मलेले, मुंबईत शिकलेले, आणि मुंबईचा कसलाही परिणाम अंगाला लावून न घेता परत आलेले. आयसीयूत कुजबुजत बोलायचं असतं असं आम्हाला शिकवलेलं. सरांना कुजबुजता येत नसे. ते गुपित सांगायला लागले तर बाहेर लिफ्टपाशी बसलेल्या नातेवाइकांना कळे. आपला आवाज मोठा आहे हे त्यांना मान्यच नव्हतं. "तुम्हा लोकांचे कान नाजूक," म्हणत.

बेशुद्ध माणसाला ऐकू येतं यावर त्यांचा ठाम विश्वास होता. सकाळच्या राउंडला प्रत्येक पलंगापाशी ते आधी स्वतःची ओळख करून देत. "राम राम काका, मी बोरसे. कालचाच." मग काकांना आजचा वार, बाहेरचं ऊन, केळीचा भाव आणि बाहेर कोण कोण येऊन बसलंय ते सांगत. त्यानंतर आमच्याकडे वळून, "हं, आता याचं पोटॅशियम सांगा." पेशंटला 'चार नंबर' म्हटलेलं त्यांना चालत नसे. कुणी म्हटलंच, तर ते त्याला दिवसभर त्याच्या बुटाच्या नंबरानं हाक मारत. मी काही दिवस 'पाच नंबर' होते.

हात धुण्याबाबत मात्र त्यांच्यात विनोदाचा लवलेश नव्हता. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बाहेरचे जंतू आत नेऊन आपणच मारतो, हे ते इतक्या वेळा सांगत की सफाईवाल्या मावशीसुद्धा झोपेत ते बोलत असतील. कुणी हात न धुता आत पाऊल टाकलं की एक शब्द गरजे, "हात!" एकदा एक पुढारी कार्यकर्त्याला भेटायला आला. मागे दोन अंगरक्षक. दार उघडून तो आत शिरला आणि आतून गर्जना आली, "हात!" पुढाऱ्यानं तत्काळ दोन्ही हात वर केले. अंगरक्षकांनीही केले. तिघं तसेच दारात उभे. सर शांतपणे त्यांच्याजवळ गेले, तिघांना बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडून दिला. "नखांच्या खालून," एवढंच म्हणाले. पुढाऱ्यानं नखांच्या खालून धुतले.

आयसीयूत माणसं मरतात. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण बाहेर बाकावर बसलेल्यांना ते सांगायचं म्हणजे डॉक्टरांची बोबडी वळते. आम्ही 'क्रिटिकल आहे', 'प्रयत्न चालू आहेत' असं काहीबाही म्हणत सुटायचो. सर बाकावर त्यांच्यात जाऊन बसत, बाक कुरकुरे, आणि ते सरळ म्हणत, "भाऊ, आशा कमी आहे." मी रुजू झाले तेव्हा या वाक्याला एक शेपूट जोडलेलं होतं, "फ्लेक्स छापू नका." मला वाटलं, सरांचा काहीतरी विनोद. मग सिस्टरांनी त्यामागची हकिगत सांगितली.

पारोळ्याकडचे हिलाल आबा न्यूमोनियानं आलेले. दोन्ही फुप्फुसं भरलेली, वय झालेलं. सरांनी पुतण्याला, म्हणजे गुलाबला, प्रामाणिकपणे सांगितलं की आशा कमी आहे. गुलाब कामाचा माणूस. ऐन वेळी धावपळ नको म्हणून त्यानं ओळखीच्या फ्लेक्सवाल्याला फोटो पाठवला आणि 'तयार ठेव' म्हणून सांगितलं. फ्लेक्सवाला त्याहून कामाचा. त्यानं छापलाही आणि बसस्टँडच्या चौकात स्वतः शिडी लावून टांगलाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये आबा, खाली शोकाकुल मंडळींची रांग. अर्धं पारोळं हळहळलं. सोसायटीच्या कार्यालयात दोन मिनिटं उभं राहून झालं.

आणि इकडे आबांचा ताप उतरला. नळी निघाली. आबा उठून बसले, भाकरी मागू लागले. भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं भाबडेपणानं मोबाईलवर चौकातला फोटो दाखवला. आबांनी चष्मा मागवला. बराच वेळ पाहिलं. घशातून नळी नुकतीच काढलेली, त्यामुळे आवाज फाटका. त्या फाटक्या आवाजात ते जे बोलले त्यात मरणाबद्दल काहीच नव्हतं.

"हाऊ फोटो कोनी दिन्हा?" तो फोटो कुठल्याशा लग्नातला होता, फेटा एका डोळ्यावर आलेला. "आनी हाऊ नामदेव? हाऊ वर कसा उना?" शोकाकुलांच्या यादीत सर्वांत वर नामदेवचं नाव होतं. या नामदेवनं सोसायटीच्या निवडणुकीत आबांना पाडलं होतं.

सर हसून हसून पलंगाच्या कठड्याला धरून उभे. "आबा, बरंच झालं की. आपल्यामागे कोण रडेल हे कुणाला बघायला मिळतं?"

"तो रडत नाहीये," आबा फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हासी ऱ्हायना. दखा."

खरंच, नामदेवचा छोटा फोटोही होता आणि तो हसत होता.

आबांनी डिस्चार्ज घेतला, वाटेत चौकात गाडी थांबवून फ्लेक्स स्वतः उतरवून घेतला आणि घरी कांद्याच्या ढिगावर पांघरला. पुढं बरीच वर्षं ते तपासायला येत. तब्येतीचं विचारलं की म्हणत, "कांदा कोरडा शे." तेव्हापासून सरांच्या वाक्याला ते शेपूट लागलं. आणि गंमत म्हणजे त्यामुळे लोकांना सरांचं म्हणणं नीट कळे. आशा कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि भरपूरही नव्हे, हे त्या फ्लेक्समुळे जितकं समजे तितकं टक्केवारीनं कधी समजलं नसतं.

अर्थात सगळे आबा नसतात. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले खैरनार काका आमच्याकडे होते. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं, दोन्ही थकलेली. आता नळी घालायची नाही, त्रास होऊ द्यायचा नाही, असं काकू आणि सर मिळून ठरवून बसले होते. मुलगा परदेशातून निघालेला, पण वेळेत पोचण्यासारखा नव्हता. भेटायची वेळ ठरलेली असते, काचेतून बघायचं असतं, पण सरांनी काकूंना खुर्ची आत नेऊन दिली. वर म्हणाले, "काकू, गप्प बसू नका. आमच्या मशिनींचा आवाज ऐकून ते कंटाळलेत. घरचं काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"रोज काय बोलता?"

"रोज भांडतो," काकू म्हणाल्या.

"मग भांडा."

काकूंनी आधी संकोचानं, मग रंगात येऊन भांडायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या बाईचा नळ गळतो, आपल्या भिंतीला ओल येते, मी तुम्हाला किती वेळा म्हटलं वर जाऊन सांगा, तर तुम्ही म्हणता, शेजाऱ्याशी वाकडं नको. इतकी वर्षं विजेचं काम केलं आणि घरातल्या ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावायची मला भीती वाटते. शेवटी मीच गेले वर. तर ती बाई म्हणते कशी, तुमच्या मिस्टरांनीच सांगितलं, राहू द्या, माझ्या बायकोला काहीतरी बोलायला विषय लागतो.

माझं लक्ष मॉनिटरवर होतं. काकांचे ठोके मंदावत मंदावत थांबले. मी पुढं झाले, तर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं त्यांनी मॉनिटरचा आवाज बंद केला आणि त्याचा स्क्रीन अलगद आपल्याकडे फिरवला. एरवी भिंती हलवणारा तो माणूस श्वासाचाही आवाज न करता उभा होता. काकूंचं प्लंबरचं प्रकरण चालू होतं. प्लंबर आला, त्यानं वॉशर बदलला, नळ थांबला.

"थांबला एकदाचा," काकू म्हणाल्या. "आता काय बोलू?"

सर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. पोटामुळे त्यांना तसं बसणं फार कठीण जाई. "काकू, काका गेले. तुम्ही बोलत होतात तेव्हाच गेले. त्यांनी ऐकलं."

काकूंनी काकांकडे पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे याही वेळी उत्तर दिलं नाहीच."

आणि रडता रडता त्या हसल्या. सर जमिनीवरच बसून राहिले, कारण त्यांना उठता येईना. शेवटी काकूंनीच त्यांना हात दिला.

आमच्याकडे दर महिन्याला मृत्यूंचा आढावा घ्यायची बैठक होई. कोण गेलं, का गेलं, आपल्याला वेगळं काही करता आलं असतं का. सर या बैठकीला शेवभाजी मागवत. उपाशी माणूस फार लवकर म्हणतो की आपली काही चूक नव्हती, असं त्यांचं मत. शेवभाजी इतकी तिखट असे की सगळे डोळे पुसत बसलेले असत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय हळवे डॉक्टर आहेत.

एके वर्षी पुण्याहून चिटणीस नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी बैठकीत भिंतीवर एक आलेख लावला, त्यातली लाल रेघ वर चाललेली. "सर, आपल्या आयसीयूचं मृत्यूचं प्रमाण जास्त आहे."

"आपल्याकडे मरणारी माणसं येतात," सर म्हणाले. "मरणार नसलेली घरी थांबतात."

"म्हणूनच. जे अगदीच वाचण्यासारखे नाहीत त्यांना वेळेवर नाशिकला पाठवायला हवं."

खोलीत कुणी शेवभाजीत चमचा घातला नाही. सर पेशंट पाठवत नसत असं नाही. जो इलाज आमच्याकडे नाही त्यासाठी ते स्वतः फोन करून, हातापाया पडून नाशिक-मुंबईला जागा मिळवून देत. पण चिटणीस म्हणत होते ते वेगळं होतं. वाटेत गेलेला माणूस आमच्या लाल रेघेत धरला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सर गोड हसले. ते गोड हसले की आम्हाला भीती वाटे. "चांगली कल्पना आहे. आधी रस्ता बघून येऊ. नाशिक लांब पडेल, धुळ्यापर्यंत जाऊ. तुम्ही पेशंट व्हा."

चिटणिसांना वाटलं, गंमत आहे. गमतीगमतीत ते स्ट्रेचरवर आडवे झाले. सरांनी छातीवर, कमरेवर, पायांवर पट्टे आवळले आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. सलाईनची रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "गाववाली, तू हे धर. तुझ्या गावच्या वाटेनं चाललोय, खूश राहा."

हायवेचं काम तेव्हा चालू होतं. चालू होतं म्हणजे रस्ता उखडून ठेवलेला होता. पहिल्याच खड्ड्यात चिटणीस स्ट्रेचरवरून वर उचलले गेले आणि पट्ट्यांनी परत खाली ओढले गेले. ते काहीतरी बोलले.

"पेशंट बेशुद्ध असतो," सर म्हणाले. "बोलत नाही."

केळीच्या ट्रकांची रांग लागली तिथं सायरन वाजवत आम्ही अर्धे रस्त्यावर, अर्धे शेतात असे गेलो. एरंडोलच्या पुढं एका गतिरोधकावर माझी बाटली निसटून चिटणिसांच्या पोटावर पडली. मास्कमधून आता नुसता 'ऊं ऊं' असा आवाज येत होता. सर त्यांच्या कानाशी वाकले, नेहमीसारखेच, आणि त्याच आवाजात सांगू लागले, "साहेब, मी बोरसे. आज बुधवार. बाहेर ऊन छान आहे. आता समजा तुमचं ब्लडप्रेशर पडलंय. गाडी हलतेय म्हणून मला सुई लावता येत नाहीये. तुमची बायको पुढं ड्रायव्हरजवळ बसलीय, तिला वाटतंय तुम्ही बरे व्हायला चाललात. आपल्या दोघांनाच माहितीय की आपण कशाला चाललोत."

'ऊं ऊं' थांबलं.

पारोळ्याला गाडी थांबवून पट्टे सोडले तेव्हा चिटणीस रस्त्याच्या कडेला वाकले आणि सकाळचा नाश्ता पारोळ्याच्या हवाली केला. सरांनी त्यांची पाठ चोळली, तोंड धुवायला पाणी दिलं, चहा पाजला. परत येताना चिटणीस पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, दोन्ही हातांनी दांडी धरून. बऱ्याच वेळानं मागं न बघता म्हणाले, "डॉक्टर, तो आलेख मी काढून टाकतो."

"काढू नका," सर म्हणाले. "राहू द्या. ती माणसं आहेत. फक्त माझ्याकडची माणसं वाटेत सांडून रेघ खाली आणू नका."

आलेख राहिला. पुढच्या बैठकीपासून चिटणीस शेवभाजीही खाऊ लागले, आणि त्यांचे डोळे तर आमच्याहून जास्त वाहत.

लग्न होऊन मी धुळ्याला परतले, तिथल्या हॉस्पिटलात लागले. मग एकदा कळलं की सर रजा काढून गावी आलेत, त्यांची आई फार आजारी आहे. मी नवऱ्याला घेऊन स्कूटरवर भेटायला गेले.

घरासमोर ॲम्ब्युलन्स उभी होती. अंगणात खाटेवर सरांची माय, पाखरासारखी हलकी झालेली. हृदय थकलेलं, पाय सुजलेले. ॲम्ब्युलन्स सरांच्या धाकट्या भावानं, अशोकभाऊंनी, बोलावलेली. ते तावातावानं म्हणत होते, "लोक काय म्हणतील? एवढा मोठा आयसीयूचा डॉक्टर आणि माय खाटेवर! चल उचल, तुझ्याच दवाखान्यात नेऊ."

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुसऱ्याच्या आईचं मी बाकावर बसून एका वाक्यात सांगतो. इथं दोन दिवस झाले, वाक्य तयार होईना. तिला तिकडे नेलं तर मी आठ-दहा दिवस वाढवू शकेन. नळ्या घालून. काय करू?" हे सगळं त्यांच्या मते ते हळू बोलत होते.

खाटेवरून आवाज आला, त्यांच्याचसारखा. घराण्यातला आवाज तिथून आलेला होता हे मला तेव्हा समजलं. "मुरल्या! माले इचार ना!"

सर जाऊन खाटेपाशी उभे राहिले. "माय, दवाखानामा जानं का?"

"तू कामले जास तोच?"

"हां."

"तठे मानसं मरतस ना रे?"

सर अडखळले. "मरतस. जगतस बी."

म्हातारीनं निकाल दिला. "मंग मी आठेच मरसू. तुन्हा तठे आखो गर्दी कसाले?"

अशोकभाऊ एकदम मटकन ओट्यावर बसले. मग सरांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला खूण केली, गाडी बंद कर, चहा घे.

ठरलं, पण सरांना स्वस्थ बसता येईना. त्यांनी मायच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. पाणी आणायला आत गेले, परत येऊन बघतात तर चिमट्यावर आकडाच नाही. सरांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात मला दिसलं, म्हातारीनं चिमटा बोटाचा काढून गोधडीच्या काठाला लावला होता आणि मजेत पडून होती. मी दाखवलं. सरांनी चिमटा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि खिशात टाकून दिला. खाटेपाशी बसले. आयुष्यात पहिल्यांदाच, बहुतेक, पेशंटजवळ काही न करता बसले.

"बाजूले सरक," माय म्हणाली. "म्हैस दिसत नही."

अंगणाच्या पलीकडे गोठ्यात तिची म्हैस बांधलेली होती, आणि सर बरोबर मध्ये.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली, मला फोनवर कळलं. सर जळगावला परतून थोडे दिवसच राहिले, मग लेकीकडे गेले ते तिकडेच. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. त्यामुळे मला शेवटचे दिसलेले सर ते त्या दिवशीचे, आम्ही स्कूटर सुरू करून वळलो तेव्हाचे. ते नुसते बाजूला सरले नव्हते. त्यांनी खाटेची डोक्याकडची बाजू उचलली होती, पायाकडची ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं, आणि ती मिरवणूक अंगणातून गोठ्याकडे निघाली होती. सर उलटे चालत होते, घामाघूम, पोट सांभाळत. आणि खाटेवर माय, हात वर करून, ट्रॅक्टर मागं घ्यायला सांगावं तसं गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "मांगे... आखो मांगे... आखो... बस! बस! म्हशीले लागी जाई रे, मुरल्या!"